'द ग्रेप्स ऑफ रॉथ'मधली प्रतीके: कासव म्हणजे जोड कुटुंब, एवढ्यावरच थांबायचे का?

रानवाट

नमस्कार. जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही कादंबरी मला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अभ्यासाला होती. खरे सांगायचे तर कादंबरी वाचून होण्याआधीच तिच्या नोट्स माझ्या वहीत उतरल्या होत्या. वर्गात फळ्यावर दोन रकाने आखून प्रतीकांची यादी दिली गेली होती: कासव म्हणजे जोड (Joad) आडनावाचे कुटुंब, ट्रॅक्टर म्हणजे भांडवलशाही, द्राक्षे म्हणजे क्रोध, जिम केसी म्हणजे येशू ख्रिस्त. परीक्षेला ती यादी पुरली, पण पुढची वीस वर्षे ती माझ्या आणि या पुस्तकाच्या मध्ये उभी राहिली. या उन्हाळ्यात मी कुठलेही मार्गदर्शक हाताशी न घेता कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, आणि त्या यादीतली एकही जोडी मूळ पानांवर ठेवून पाहिली तर नीट बसत नाही, असे माझ्या लक्षात आले.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत ऑक्लाहोमा राज्यातल्या सॅलिसॉ गावाजवळ कुळाने शेती करणारे जोड कुटुंब जमिनीवरून हुसकावले जाते. मग एका जुन्या हडसन मोटारीचा मागचा भाग कापून ते तिचा ट्रक करतात आणि हायवे ६६ ने कॅलिफोर्नियाकडे निघतात. घरची माणसे बारा, आणि सोबत धर्मोपदेशकाचे काम सोडून दिलेला जिम केसी. वाटेत आजोबा जातात, मग आजी जाते; थोरला मुलगा नोआ कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने निघून जातो; रोझ ऑफ शॅरन या गरोदर मुलीला तिचा नवरा सोडून जातो. कॅलिफोर्नियात काम कमी, माणसे फार, आणि मजुरी रोज उतरणारी.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला कासवाचा. तिसऱ्या प्रकरणात एक कासव हमरस्ता ओलांडते. मोटार चालवणारी एक बाई त्याला वाचवण्यासाठी गाडी वळवते, आणि पाठोपाठ येणारा ट्रकवाला मुद्दाम त्याच्या अंगावर गाडी घालतो. कासव भिरकावले जाऊन उलटे पडते, बऱ्याच खटपटीनंतर सुलटे होते आणि पुन्हा चालू लागते. हे जोड कुटुंबाचे चित्र आहे असे म्हणावे, तर कासवाचे घर त्याच्या पाठीवर शाबूत असते आणि यांच्या घराचा कोपरा ट्रॅक्टरने चिरडलेला असतो. कासव उलटले तरी अख्खेच्या अख्खे सुलटे होते, हे कुटुंब मात्र मैलागणिक तुटत जाते. मग त्या कासवाचे काय करायचे?

दुसरा प्रश्न शेवटाचा. मृत मूल जन्मल्यानंतर रोझ ऑफ शॅरन एका कोठारात उपासमारीने मरायला टेकलेल्या अनोळखी पुरुषाला अंगावर पाजते, आणि तिच्या ओठांवर गूढ हसू उमटते. तिथे कादंबरी संपते. आमच्या वर्गात हे पान 'मानवतेचे प्रतीक' एवढे सांगून उलटले गेले होते. आज ते वाचताना मला भरून आले, पण त्याच वेळी अवघडल्यासारखेही झाले. ज्या मुलीचे मूल नुकतेच गेले आहे, तिला लेखकाने स्वतःच्या आशयासाठी वापरून घेतले का, ही शंका मनातून जात नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

माळरान

आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर त्याच प्रकरणात आहे, फक्त आपण सगळेच कासवाकडे पाहत राहिल्यामुळे ते नजरेतून सुटते. तिसरे प्रकरण कासवापासून सुरूच होत नाही. ते सुरू होते रस्त्याच्या कडेच्या वाळलेल्या गवतापासून आणि त्यातल्या बियांपासून. कुसळे, काटेरी बोंडे, चिकटणारे दाणे, असे सगळे बी तिथे वाट पाहत असते: कुत्र्याच्या केसांची, मेंढीच्या लोकरीची, माणसाच्या विजारीच्या काठाची. स्वतः हलता न येणाऱ्या त्या बियांपाशी दुसऱ्याच्या चालण्याला लटकण्याचे साधन तेवढे असते. माळावरून चालून आल्यावर धोतराच्या सोग्यातली किंवा लुगड्याच्या काठातली कुसळे ज्यांनी अंगणात बसून एकेक करून वेचली आहेत, त्यांना हा परिच्छेद शिकवावा लागत नाही.

मग कासव येते. चढण चढताना रानटी ओटचे एक कणीस त्याच्या पुढच्या पायात अडकते. एक लाल मुंगी कवचाच्या आतल्या मऊ कातडीत शिरते, तेव्हा कासव डोके आणि पाय झटकन आत घेते आणि ती मुंगी चिरडून मरते. ट्रकचा धक्का बसतो, कासव रस्त्यापलीकडे फेकले जाते. ते सुलटे होत असताना पायात धरलेले कणीस निसटते आणि त्यातले तीन दाणे जमिनीत रुततात. कासव पुढे सरकते तेव्हा त्याचे कवच त्या दाण्यांवर माती ओढत जाते. पेरणी झाली. कासवाला तिचा पत्ता नाही. ज्या ट्रकवाल्याने मारण्यासाठी गाडी वळवली, त्याच्याच धक्क्याने बी रस्त्यापलीकडे पोहोचले, आणि त्यालाही त्याचा पत्ता नाही.

माझ्या मते त्या पानाचा जीव या पेरणीत आहे. कासव म्हणजे कुटुंब असे समीकरण मांडले की आपण म्हणता तशी अडचण येतेच. त्याऐवजी, एखाद्याने न कळत वाहून नेलेले काहीतरी त्याला बसलेल्या फटक्यामुळेच दुसरीकडे रुजते, अशी एक चाल म्हणून ते पान वाचले तर तीच चाल पुढे पुन्हा पुन्हा दिसू लागते. केसीचा विचार पाहा. माणसाला स्वतःचा असा सुटा आत्मा नसतो, एका मोठ्या आत्म्याचा तुकडाच काय तो प्रत्येकाकडे असतो, हे तो सुरुवातीला चाचपडत बोलतो, आणि जोड कुटुंबातला मुलगा टॉम याच्या ते कानावरून जाते. मग केसी संपात पुढे होतो आणि कुदळीच्या दांड्याच्या घावाने मारला जातो. त्यानंतर, लपून बसलेला टॉम अंधारात आईचा निरोप घेतो तेव्हा तेच बोलणे त्याच्या तोंडून येते, आणि आता त्याचा अर्थ त्याला पुरता कळलेला असतो. ज्यांनी केसीला मारले त्यांनीच ते कणीस पलीकडे फेकले. खुद्द कासवही टॉमने धाकट्या भावाला खाऊ म्हणून कोटात गुंडाळून घेतलेले असते. पुढे तो ते सोडून देतो, तेव्हा ते आधी ज्या नैऋत्येला निघाले होते त्याच नैऋत्येला चालू लागते.

एक गोष्ट मुद्दाम जोडतो. स्टाइनबेक यांनी १९२३ च्या उन्हाळ्यात हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्रात जीवशास्त्राचे शिक्षण घेतले होते, आणि माँटेरेचे जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स हे त्यांचे जिवलग मित्र होते. प्राणी कशासाठी काय करतो याचे निष्कर्ष काढण्याआधी तो नेमके काय करतो हे पाहावे, ही शिस्त त्या दोघांच्या बोलण्याचा विषय असे. कासवाचे प्रकरण त्या शिस्तीने लिहिलेले आहे. त्यात 'जणू', 'प्रमाणे' असे म्हणून ते कशाचे चित्र आहे हे लेखक कुठेही सांगत नाही. आधी कासव पुरते कासव आहे, आणि म्हणूनच ते पुढे आणखी काही होऊ शकते.

द्राक्षकुंड

मी नाशिकचा आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबातला आहे, म्हणून शीर्षकातल्या द्राक्षांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. 'द्राक्षे म्हणजे क्रोध' ही जोडी चुकीची नाही, पण ती शेवटच्या टप्प्यावरची आहे. ही द्राक्षे कादंबरीभर वाढत आणि पालटत जातात, आणि त्यांची मुळे पवित्र शास्त्रातल्या दोन वेगळ्या ठिकाणी आहेत.

पहिले ठिकाण जुन्या करारातल्या 'गणना' या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात आहे. मोशे कनान देश हेरायला माणसे पाठवतो, आणि ती अष्कोलच्या खोऱ्यातून द्राक्षांचा एवढा मोठा घोस आणतात की तो काठीला अडकवून दोघांना खांद्यावर वाहावा लागतो. वचन दिलेल्या देशाची ती खूण. जोड कुटुंबातले आजोबा निघण्यापूर्वी याच घोसाची स्वप्ने पाहत असतात. कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर द्राक्षांचा मोठा घोस तोंडावर चुरडायचा आणि हनुवटीवरून रस ओघळू द्यायचा, हे त्यांचे वेड सगळ्या घराला ठाऊक असते. प्रत्यक्ष निघायच्या दिवशी मात्र हाच म्हातारा हटून बसतो. ही माती माझी आहे, मी येणार नाही, असे तो म्हणतो. शेवटी घरच्यांना त्याला कॉफीतून गुंगीचे औषध पाजून ट्रकवर चढवावे लागते, आणि पहिल्याच मुक्कामाला तो मरतो. त्या घोसाला त्याचे ओठ कधी लागतच नाहीत.

दुसरे ठिकाण नव्या करारातले शेवटचे पुस्तक, 'प्रकटीकरण', अध्याय चौदावा. तिथे पृथ्वीवरची पिकलेली द्राक्षे देवाच्या क्रोधाच्या मोठ्या द्राक्षकुंडात टाकून तुडवली जातात. हीच प्रतिमा ज्युलिया वॉर्ड होव यांनी १८६१ साली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लिहिलेल्या 'बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक' या गीतात घेतली. कादंबरीचे शीर्षक त्या गीतातून लेखकाच्या पत्नी कॅरोल यांनी सुचवले. स्टाइनबेक यांचा आग्रह इतका होता की पहिल्या आवृत्तीच्या आतल्या पुठ्ठ्यांवर ते गीत स्वरलिपीसह छापले गेले. पुस्तकावर साम्यवादी असल्याचा शिक्का मारला जाईल हे त्यांनी ओळखले होते, आणि आपल्या क्रोधाचे मूळ अमेरिकेच्या स्वतःच्याच गाण्यात आहे हे त्यांना वाचकाच्या हाती आधीच द्यायचे होते.

आता या दोन ठिकाणांच्या मधले पंचविसावे प्रकरण वाचावे. जोड कुटुंबातले कोणीही त्यात नाही. वसंतात बहरलेल्या बागा, कलमे करणारे कुशल हात, आणि मग भाव पडल्यामुळे झाडावरच सडणारी फळे. संत्र्यांच्या ढिगांवर रॉकेल फवारले जाते; बटाटे नदीत ओतले जातात आणि भुकेल्या लोकांनी ते काढून घेऊ नयेत म्हणून काठावर पहारेकरी उभे केले जातात; डुकरे मारून पुरली जातात आणि वर चुना टाकला जातो. भाव पडल्यावर रस्त्यावर ओतलेले टोमॅटो मी आमच्याकडे पाहिले आहेत, आणि ते ओततानाचे शेतकऱ्याचे तोंडही पाहिले आहे, त्यामुळे नुसता नासाडीचा भाग मला नवा नव्हता. मला हादरवले ते पहाऱ्याने. भुकेला माणूस आणि अन्न यांच्यामध्ये बंदूक उभी राहते, तिथे आजोबांच्या स्वप्नातली द्राक्षे लोकांच्या मनातली द्राक्षे होतात, आणि ती तिथे भरत, जड होत जातात. प्रकरण तिथेच थांबते. घोस तोच आहे, तो आधी आशेने भरला होता आणि आता संतापाने भरतो. म्हणून मी 'म्हणजे' हा शब्द टाळून 'होत जातात' असे म्हणेन.

केसीबद्दल एकच सांगतो. त्याच्या नावाची आद्याक्षरे येशू ख्रिस्ताच्या इंग्रजी नावाशी जुळतात, याला फार महत्त्व देऊ नये. न्याहारीपूर्वी आजीच्या हट्टाखातर तो प्रार्थना म्हणायला उभा राहतो, तेव्हा त्याला देवाचे नाव घेण्याऐवजी आपण डोंगरात एकटे का गेलो होतो तेच सांगावेसे वाटते. तो प्रसंग आद्याक्षरांपेक्षा मोठा आहे. आणि मोशेची कथा पाहायची असेल तर शेवटच्या प्रकरणात टॉमचा काका अंकल जॉन याच्याकडे पाहावे. 'निर्गम' या पुस्तकात मोशेची आई बाळाला वाचवण्यासाठी लव्हाळ्याच्या पेटाऱ्याला डांबर आणि राळ चोपडून तो नदीच्या कडेला ठेवते. अंकल जॉन मृत बाळ सफरचंदाच्या खोक्यात घालून पुराच्या पाण्यात सोडतो आणि त्याला म्हणतो की जा, खाली गावात जाऊन त्यांना सांग. इथे वाचवण्यासारखे काही उरलेले नाही, साक्ष तेवढी पाठवायची आहे. शास्त्र ज्याला पाठ आहे त्याला हे उलटे झालेले चित्र सहन होत नाही.

कोरडवाहू

मी साहित्याचा विद्यार्थी नाही. माझे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जात, आणि लहानपणी काही हंगाम मीही कोपीत, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, काढले आहेत. हे पुस्तक मी एका मित्राच्या सांगण्यावरून वाचले. मला त्यातली मोठी प्रतीके फारशी कळली नाहीत, पण दोन वस्तू मनातून जात नाहीत.

पहिली म्हणजे आईची पेटी. निघायच्या रात्री मा, म्हणजे जोड कुटुंबातली आई, एकटीच रिकाम्या घरात कागदांची जुनी पेटी उघडते. पत्रे, कात्रणे, फोटो. त्यातले दागिन्यांचे दोनचार नग ती बाजूला काढते आणि उरलेली पेटी अलगद चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवते. आमची आईही दसऱ्यानंतर निघताना पत्र्याच्या ट्रंकेत वस्तू भरायची: दोन पातेली, तवा, पिठाचा डबा, देवाची तसबीर. बाकीचे घरात ठेवून कुलूप लावायची, कारण उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की उन्हाळ्यात परत यायचेच असायचे. म्हातारी माणसे घर राखायला मागे असायची. माला मागे ठेवायला घरच नाही, म्हणून तिला जाळावे लागते. आमच्या जाण्यात आणि तिच्या जाण्यात हा फरक आहे, आणि तो मला त्या निखाऱ्यांपाशी समजला. त्या पेटीला प्रतीक म्हणावे की नाही हे आपण ठरवावे.

दुसरी वस्तू म्हणजे ट्रक. निघण्यापूर्वी सगळे घर त्या ट्रकभोवती जमून बसते आणि सल्लामसलत करते, पुरुष उकिडवे, बायका मागे उभ्या. घर मेलेले आहे, शेत मेलेले आहे, आता हीच घरातली चूल, असे लेखक तिथे म्हणतो. केसीला सोबत घ्यायचे का यावर बोलणे निघते, तेव्हा जमेल का असा प्रश्न पा, म्हणजे वडील, करतो. मा म्हणते की जमेल का हा प्रश्नच नाही, करणार का हा प्रश्न आहे. चूल जिथे मांडली तिथे घर, हे आमच्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही, पण ते कोणीतरी इतक्या दूरच्या देशात इतके नेमके लिहून ठेवले आहे हे वाचून फार बरे वाटले.

हूपर रँचवरच्या दुकानाचा प्रसंगही असाच आहे. घरच्यांनी पीच तोडून पाच सेंट पेटीप्रमाणे एक डॉलर मिळतो, तो दुकानात जादा भावाने संपतो आणि साखरेला दहा सेंट कमी पडतात. ते दहा सेंट दुकानातला नोकरच आपल्या खिशातून टाकतो. अडचणीत गरिबाकडेच जावे, दुसरे कोणी मदत करत नाही, हे मा तिथे बोलते. मुकादमाच्या वहीत आकडा कसा वाढतो हे ज्याने पाहिले आहे त्याला हे पान दोनदा वाचावे लागत नाही.

नकाशा

चर्चा उत्तम चालली आहे, आणि कोरडवाहू यांनी लिहिलेले तर मी जपून ठेवणार आहे. पण प्रतीके काही दाखवतात तशी काही झाकतातही, ही बाजू कोणीतरी मांडायला हवी.

कादंबरी धुळीने सुरू होते. पहिल्या प्रकरणात लाल आणि करड्या मातीवर कवच धरते, वारा सुटतो, दिवसाची रात्र होते, मका कोलमडतो. फार ताकदीचे लेखन आहे. परंतु सॅलिसॉ हे गाव ऑक्लाहोमाच्या पूर्व टोकाला, अर्कान्सास राज्याच्या सीमेजवळ आहे, आणि धुळीच्या वादळांचा खरा तडाखा त्या राज्याच्या पश्चिमेकडच्या चिंचोळ्या पट्ट्याला, कॅन्ससला, कोलोरॅडोला आणि टेक्सासच्या उत्तर भागाला बसला. पूर्व ऑक्लाहोमातली कापसाची कुळे मुख्यतः कापसाचे पडलेले भाव, दुष्काळ, ट्रॅक्टर आणि १९३३ नंतरचे सरकारी धोरण यांमुळे उठली. कापसाखालचे क्षेत्र कमी करण्यासाठी सरकार पैसे देत असे. ते अनेकदा जमीनमालकाच्या हाती पडत, आणि कुळाला काढून टाकणे त्याला परवडू लागे. ट्रॅक्टर आणि बँक यांचे चित्र कादंबरीत अचूक आहे. पाचव्या प्रकरणात आपण गोळी नेमकी कोणाला घालायची हे कुळाला कळेनासे होते, ते तर विसरणे अशक्य आहे. पण धूळ ही तिथल्या भूगोलापेक्षा प्रतीकाच्या गरजेने जास्त आली आहे, आणि त्यामुळे निसर्गाच्या कोपाने लोक देशोधडीला लागले असा समज वाचकांच्या मनात पक्का बसला.

दुसरे, ती जमीन. सॅलिसॉचा परिसर चेरोकी लोकांचा. कादंबरीतली कुळे स्वतःच सांगतात की आजोबांनी इंडियन मारले आणि ही जमीन घेतली. माळरान यांनी उल्लेखलेली लाल मुंगी मला इथे आठवते. एकोणिसाव्या प्रकरणात कॅलिफोर्नियाची जमीन मेक्सिकन लोकांकडून कशी बळकावली गेली हे लेखक लिहितो, शेतमजूर म्हणून आणलेल्या चिनी, जपानी, मेक्सिकन आणि फिलिपिनो लोकांचा उल्लेखही करतो. पण कथेच्या उजेडात येते ते गोरे कुटुंबच.

आणि एक खरी गोष्ट सांगतो, कारण प्रतीक होण्याची किंमत तिच्यातून कळते. १९३६ च्या मार्चमध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. तिची मुले तिच्या खांद्यांत तोंड लपवून उभी आहेत आणि ती दूर कुठेतरी पाहते आहे. 'मायग्रंट मदर' या नावाने तो फोटो जगभर गेला आणि त्या काळातल्या सगळ्या विस्थापितांचे प्रतीक झाला. त्या बाईचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होते, हे जगाला १९७८ साली कळले. त्या चेरोकी वंशाच्या होत्या. त्या फोटोतून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही आणि तो काढला गेला नसता तर बरे झाले असते, असे त्यांनी बोलून दाखवले. बेचाळीस वर्षे जग त्यांच्या चेहऱ्यात अर्थ वाचत होते, आणि कोणाला त्यांचे नाव माहीत नव्हते.

ज्यांना या काळाचे दुसरे चित्र पाहायचे असेल त्यांनी सॅनोरा बॅब यांची 'हूज नेम्स आर अननोन' ही कादंबरी मिळवून वाचावी. बॅब विस्थापित मजुरांसाठीच्या सरकारी छावण्यांत तिथले व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांच्याबरोबर काम करत होत्या, आणि स्टाइनबेक यांनी आपले पुस्तक ज्यांना अर्पण केले त्या दोघांतले टॉम म्हणजे हेच कॉलिन्स. 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'च्या अफाट खपानंतर बॅब यांच्या प्रकाशकाने त्यांचे पुस्तक मागे ठेवले. ते छापले गेले २००४ मध्ये. त्यात प्रतीके कमी आहेत आणि रोजची धूळ जास्त आहे.

रानवाट

सर्वांची मनापासून आभारी आहे. माळरान, तिसरे प्रकरण मी काल रात्री पुन्हा वाचले आणि या वेळी पहिल्या परिच्छेदातल्या बियांपाशीच थांबले. द्राक्षकुंड, आजोबांच्या तोंडी असलेली द्राक्षे आणि पंचविसाव्या प्रकरणातली द्राक्षे मी कधी एका वेलीवर पाहिलीच नव्हती. नकाशा यांनी सांगितलेली फ्लॉरेन्स थॉम्पसन यांची हकिकत वाचून मात्र माझी दुसरी शंका अधिकच गडद झाली आहे. ज्या अर्थी खरी बाई प्रतीक झाल्यावर आपले नाव हरवून बसते, त्या अर्थी रोझ ऑफ शॅरनचेही शेवटच्या पानावर तेच होत नाही का? त्या प्रसंगावर कोणी लिहील का?

दुसरी पाळी

मी अनेक वर्षे प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून काम केले आहे, म्हणून या प्रश्नाला उत्तर द्यावेसे वाटते.

मूल मृत जन्मले तरी आईला दूध येते. हे पुष्कळ लोकांना माहीत नसते, आणि पहिलटकरणीला तर नसतेच. दोनतीन दिवसांनी छाती दगडासारखी घट्ट होते, ताप येतो, कपडे भिजतात, आणि ज्याच्यासाठी ते आले तो जवळ नसतो. आम्ही घट्ट पट्टा बांधायला आणि गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगायचो. त्या वेळी त्या बायका भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. कादंबरीचे शेवटचे पान मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला मानवता वगैरे काही आठवले नाही, त्या बायकांच्या पाठी आठवल्या. म्हणून मला ते दूध लेखकाने अर्थासाठी आणून ठेवलेले वाटत नाही. ते त्या शरीरात होतेच, आणि त्याला जायला जागा नव्हती.

आता मागे जाऊन या मुलीला पुन्हा पाहा. अर्ध्याहून अधिक पुस्तकभर ती चिडचिडी आणि स्वतःत गुंतलेली आहे, आणि ते स्वाभाविक आहे. तिला सारखी बाळाची भीती वाटते: कुत्रा गाडीखाली मेलेला पाहिला, त्याने बाळाला काही होईल का, सरकारी छावणीतली एक धर्मवेडी बाई म्हणते तसे नाचामुळे बाळ जाईल का. आणि ती दूध मागत असते. गरोदरपणी दूध प्यायला हवे असे तिला सांगितलेले असते, ते मिळत नाही, आणि पीचच्या मळ्यावर ती त्यावरून कुरकुर करते. मा बिचारी दुधाची वाटणी धाकट्या आजारी विनफिल्डमध्ये आणि तिच्यात करत राहते. ज्या मुलीला पुस्तकभर पेलाभर दूध पोटभर मिळाले नाही, तिच्याचपाशी शेवटी त्या कोठारात एकमेव दूध असते.

तिला कोणी वापरून घेतले का, याचे उत्तर मला त्या प्रसंगाच्या क्रमात दिसते. कोठारातला मुलगा सांगतो की बापाने सहा दिवस काही खाल्लेले नाही, स्वतःचा घास मलाच देत राहिला, आणि आता त्याला पाव पचत नाही. सूप किंवा दूध हवे. मा काही सुचवत नाही, आज्ञा तर मुळीच करत नाही. मायलेकी एकमेकींकडे पाहतात. मुलगी 'हो' म्हणते. तो शब्द तिचा आहे, आणि आधी आहे. मग मा सगळ्यांना घेऊन बाहेर पडते आणि दार लावते, म्हणजे पाहणारेही कोणी उरत नाही. फ्लॉरेन्स थॉम्पसन यांना कोणी विचारले होते का, ते मला माहीत नाही. या मुलीला मात्र तिच्या आईने नजरेने विचारले आहे.

संपादक पॅस्कल कोविची यांना हा शेवट खटकला होता. त्या अनोळखी माणसाची ओळख आधी व्हावी, प्रसंग इतका अचानक येऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. स्टाइनबेक यांनी १९३९ च्या जानेवारीत पत्र लिहून बदल करायला साफ नकार दिला. तो माणूस अनोळखीच असायला हवा, आणि अंगावर पाजण्याला पावाचा तुकडा देण्यापेक्षा अधिक भावुक अर्थ नाही, असे त्यांनी कळवले. हे वाचून मला फार हलके वाटले, कारण आमच्या कक्षातही ते असेच असायचे. एखादीला पान्हा जास्त असला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाळाला आईचे दूध पुरत नसले, तर ती उठून बसायची आणि म्हणायची, द्या इकडे. त्यावर कोणी काही बोलत नसे.

त्या हसण्याबद्दल आपण विचारले आहे. मी एवढेच सांगू शकते की दाटलेली छाती मोकळी झाली की बाईच्या चेहऱ्यावर जे येते ते मी अनेकदा पाहिले आहे. त्यात सुटका असते, थोडी लाज असते, आणि आपल्या शरीराचा कोणाला तरी उपयोग झाला याचे नवल असते. दुःख तिथेच असते, ते कुठेही गेलेले नसते. बाहेरून पाहणाऱ्याला ते गूढ दिसत असेल.